कॉम्प्युटरचं बिऱ्हाड

सुतळीकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारली तर ते वळूनसुद्धा बघत नाहीत. आयुष्यभर लोकांची बिऱ्हाडं हलवण्याचा धंदा. कुणाची बदली झाली, कुणी मोठं घर घेतलं, कुणाचं भावाशी बिनसलं, की काकांचा ट्रक दारात उभा आणि खिशात सुतळीचा गुंडा. ट्रक विकून आता बरीच वर्षं झाली. गुंडा मात्र अजून खिशातच. भाजीची पिशवी, सायकलचा दिवा, शेजारच्यांचं कुरकुरणारं फाटक, जे जे सुटं दिसेल ते काका बांधून मोकळे होतात. काकू म्हणतात, "मी स्वतःच्या पायांनी हलते म्हणून बरं. नाहीतर मलाही बांधून लेबल लावलं असतं."

इतक्या वर्षांत लोकांचा एक कप फुटू दिला नाही, असं काका छातीवर हात ठेवून सांगतात. सांगण्याआधी काकू जवळपास नाहीत ना, हे मात्र बघून घेतात. कारण स्वतःचं बिऱ्हाड या घरात आणताना काकांनी काकूंची एक पेटी हरवली होती, आणि तीत त्यांच्या मुलीचे लहानपणचे झाडून सगळे फोटो होते.

"लेबल नव्हतं त्या पेटीवर," असं काका म्हणत.

"माझ्या पेटीला लेबल लागतं? बायकोची पेटी ओळखता येत नाही नवऱ्याला?"

हा संवाद इथपर्यंत आला की काका फाटक बांधायला बाहेर पडत.

त्या लहानपणातलं उरलं होतं एवढंच: एक छोटीशी फिल्म. मुलगी पहिल्यांदा चालली तेव्हा तिच्या मामाने उसना कॅमेरा आणून काढलेली. मूळ कॅसेटला बुरशी लागली, पण त्याआधी मामाने ती घरच्या कॉम्प्युटरमध्ये उतरवून दिली होती. जगात तेवढी एकच. आणि आता त्या मुलीचा मुलगा वर्षाचा झाला होता, टेबलाचा पाय धरून उभा राहत होता आणि पाय सोडायचं नाव घेत नव्हता. मुलीने दूरच्या गावाहून फोन केला, "आई, माझी ती चालण्याची फिल्म पाठव ना. याला दाखवते. म्हणावं, बघ तुझी आई कशी चालली होती, आणि तू बसलायस खांब धरून!"

आता तो कॉम्प्युटर. बटण दाबलं की आधी घरघर, मग कुरकुर, मग विमान आता उडणारच असा आवाज. आणि विमान काही उडत नसे, पडद्यावर नुसतं निळं उजाडत असे. तेवढ्यात काकूंचे धुतलेले कपडे वाळत घालून होत. दुरुस्तीवाला आला, त्याने डब्याला कान लावला आणि डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावतात तसं काकांना दाराशी बोलावलं.

"काका, आतली डिस्क फार दिवसांची नाही. जे काय आहे ते या बाहेरच्या डिस्कमध्ये काढून घ्या." त्याने पाकिटाएवढी एक काळी डिस्क दिली, वर एक चिमुकला पेनड्राइव्ह फुकट.

काढून घ्या! काकांच्या अंगात वीज शिरली. किती वर्षांनी कुणीतरी त्यांना सामान काढायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कामावरचा जुना खाकी शर्ट घालून, बाह्या दुमडून कॉम्प्युटरसमोर बसले. मुलगी माहेरी आली होती तेव्हा तिने त्यांना फाइल उचलायची कशी, ठेवायची कशी हे शिकवलं होतं. उचलणं आणि ठेवणं! काकांना याहून वेगळं जगात काही यायला हवं होतंच कुठे?

आधी पाहणी. आतली अवस्था बघून त्यांनी कपाळाला हात लावला. 'न्यू फोल्डर', त्याच्या आत 'न्यू फोल्डर', त्याच्या आत 'न्यू फोल्डर दोन', आणि त्याच्या आत नळाचा एक फोटो.

"अगं, हा नळ कुणाचा?"

"गळत होता तेव्हा प्लंबरला पाठवायला काढला होता."

"नळ गेला, प्लंबर गेला, फोटो कशाला राहिलाय?"

धंद्यात काकांचा कायदा होता: खोक्यावर आत काय आहे ते लिहायचं नाही, खोकं कुठल्या खोलीत उतरायचं ते लिहायचं. म्हणजे नव्या घरात हमाल विचारत बसत नाही. त्या कायद्याने काकांनी नव्या डिस्कवर फोल्डर उघडले: 'हॉल', 'स्वयंपाकघर', 'झोपायची खोली', 'गॅलरी', 'अडगळ'. आणि एकेक फाइल, ती ज्या खोलीतली, त्या खोलीत उतरवायला लागले. विजेची बिलं स्वयंपाकघरात, कारण ती फ्रिजवर ठेवलेली असत. डॉक्टरांचे रिपोर्ट झोपायच्या खोलीत. मामाचे फोटो गॅलरीत, कारण मामा सिगारेट ओढायला तिथेच उभा असे.

काकू डोकावल्या. "माझ्या ताईचे फोटो अडगळीत?"

"ताईंचे नाहीत, ताईंच्या सोफ्याचे. नवा सोफा आला तेव्हा चहूबाजूंनी काढलेत बघ. खालूनसुद्धा."

"आणि कोपऱ्यात ती बसलीय ती?"

"ती सोफ्यासोबत आली. सोडवून घेता येत नाही."

एकाच फोटोच्या अकरा अकरा प्रती सापडल्या तेव्हा तर काकांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. एका घरात एकसारखी अकरा कपाटं कशाला? दहा उडवली. उडवताना तोंडाने 'हं, घे! हं, टाक!' चालू. समोर माणूस नसताना त्यांनी दोनदा "पाय सांभाळ रे" असंही म्हटलं. हा कार्यक्रम आठवडाभर चालला. काका जेवायला उठत ते हात झटकत, धूळ लागल्यासारखे. काकूंना वरवर वैताग होता, पण नवरा फाटकाऐवजी फायली बांधतोय हे बघून त्या मनातून खुशीत होत्या. दुपारी त्या आपणहून स्टूल ओढून शेजारी बसू लागल्या आणि खोल्यांवरून भांडू लागल्या.

शेवटची फाइल डिस्कवर उतरली. काकांनी रिकाम्या कॉम्प्युटरकडे समाधानाने पाहिलं. रिकाम्या केलेल्या घरात झाडू मारल्याशिवाय त्यांनी आयुष्यात पाय बाहेर टाकला नव्हता. त्यांनी पडद्यावरचा कचऱ्याचा डबाही उघडला आणि तळापर्यंत साफ केला. मग ती काळी डिस्क फुगेवाल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली, खोक्यात ठेवली, ते खोकं भुसा भरून मोठ्या खोक्यात बसवलं, वरून उभी-आडवी सुतळी मारली, 'काच' असं लिहिलं आणि कपाटावर चढवलं. मग छाती फुगवून मुलीला फोन लावला.

"झालं बघ तुझं बॅकअप! एक कण नाही उरला कॉम्प्युटरमध्ये."

पलीकडून मग, "बाबा, नाही उरला म्हणजे? तुम्ही कॉपी केलंत ना?"

"कॉपी कशाला? उचललं आणि ठेवलं. झाडूसुद्धा मारला."

"बाबा! बॅकअप म्हणजे सामान हलवणं नाही हो! तेच सामान दोन घरांत ठेवायचं, एक बुडालं तर दुसरं असावं म्हणून!"

"दोन घरांत एकच कपाट?" काकांचा आवाज चढला. "अगं, असं कधी झालं असतं तर पोलीस आले असते माझ्याकडे!"

"आता सगळं त्या एका डिस्कवरच आहे बाबा. ती पडली, बिघडली, तर संपलं. आधी उघडून बघा. माझी फिल्म बघा आधी!"

काकांचं धाबं दणाणलं. खोकं खाली आलं. आता ज्या माणसाने गाठी मारल्या तोच त्या सोडवायला बसला, आणि त्याला त्या सुटेनात. काकू कात्री घेऊन आल्या. "नको, सुतळी वाया जाते!" "अहो, लेक वाया जातेय!" कात्री चालली. भुसा घरभर झाला. फुग्यांचं प्लॅस्टिक सोडताना काकूंनी घाईतसुद्धा चारपाच फुगे फोडून घेतले. डिस्क बाहेर आली, जोडली. कॉम्प्युटरने घरघर केली, कुरकुर केली, विमानाचा आवाज केला. डिस्कवरचा निळा दिवा लुकलुकला आणि सगळ्या खोल्या एकाखाली एक उभ्या राहिल्या. कपाला टवकासुद्धा नाही.

"बघितलंस?" काका म्हणाले.

"फिल्म," काकू म्हणाल्या.

फिल्म कुठल्या खोलीत? "हॉलमध्येच चालली ती," काकू म्हणाल्या. हॉल बघितला. नाही. "स्वयंपाकघरातून निघाली होती ना?" स्वयंपाकघरात बिलं. झोपायच्या खोलीत रिपोर्ट. गॅलरीत मामा. अडगळीत सोफा, चहूबाजूंनी. काकांनी प्रत्येक खोली पुन्हा उघडली, मग पुन्हा. कॉम्प्युटर तर त्यांनी स्वतःच्या हाताने झाडून काढला होता.

काका हळूच काकूंकडे बघायला लागले. त्या भांडल्या असत्या तर ते ऐकून घ्यायला तयार होते. पेटी निघाली असती तरी ऐकून घेतलं असतं. पण काकू भुशात बसून कात्रीच्या पात्यांची नुसती उघडझाप करत राहिल्या. फोनमधून मुलगी विचारत होती, "सापडली?"

काका भिंतीला टेकून जमिनीवर बसले. ट्रक भरायला लागायच्या आधीची पहिली सकाळ त्यांनी डोळे मिटून आठवायला घेतली, जशी पूर्वी एखादी वस्तू नजरेआड झाली की घेत. आधी घरात शिरायचं. पाहणी. मग? मग खोकी काढण्याच्याही आधी मालकीणबाईंना हाक मारायची आणि म्हणायचं, बाई, दागिने आणि महत्त्वाचं काय असेल ते ट्रकमध्ये देऊ नका. ते तुमच्या हातात राहू द्या.

काकांनी डोळे उघडले. "अगं, तुझी पर्स कुठाय?"

"आता पर्स कशाला?"

"आण तरी!"

पर्स भुशात उपडी झाली. चष्म्याचं घर, किल्ल्या, कंगवा, हातरुमाल, डोकेदुखीच्या गोळ्या, ताईची जुनी किल्ली जी कशाचीच नाही. आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सुतळीची बारीकशी गाठ मारलेली, बोटाएवढी पुडी.

"ही तुमची?" काकू ओरडल्या. "मला वाटलं दुकानदाराने सुटी बटणं दिली! आठवडाभर बाजारात घेऊन फिरतेय मी हिला! काल कंडक्टरला देत होते सुट्ट्या पैशांबरोबर!"

गाठ काकूंनी दाताने सोडवली. आत तो फुकटचा पेनड्राइव्ह. पहिल्या दिवशी काकू ताईशी फोनवर बोलत असताना काकांच्या हातांनी सगळ्यात आधी ती फिल्म उचलली होती आणि मालकिणीच्या पर्समध्ये ठेवली होती. कुलूप लावल्याचं जसं माणसाच्या लक्षात राहत नाही, तसं त्यांच्या राहिलं नव्हतं.

"सांगायचं नाही का?" काकू म्हणाल्या. आवाज रागाचा होता, डोळे काही रागाचे दिसेनात.

"तू फोनवर होतीस. तुमचा फोन संपेपर्यंत ट्रक दुसऱ्या गावाला पोचतो."

मग मुलीने फोनवरून एकेक बटण सांगायला सुरुवात केली. "कॉपी, बाबा. कट नाही. कॉपी." काकांचं बोट सवयीने घसरायला लागलं की काकू मनगटावर चापट मारत. फिल्म कॉम्प्युटरमध्ये उतरली, काळ्या डिस्कवर उतरली, आणि पेनड्राइव्हवर होती तिथेच राहिली. काकांनी अविश्वासाने तिन्हीकडे बघितलं, पुन्हा बघितलं. मग मुलीकडे पाठवली, तरी इथली हलली नाही. "अगं, कितीही द्या, संपतच नाही!" ते म्हणाले आणि हसत सुटले. हसता हसता त्यांनी मामालाही एक पाठवली, ताईंना पाठवली, दुरुस्तीवाल्याला पाठवली. प्लंबरचा नंबर शोधायला लागले तेव्हा काकूंनी फोन काढून घेतला.

"आता लावा तरी," त्या म्हणाल्या आणि स्टूल ओढून अगदी जवळ बसल्या.

पडदा उजाडला. थरथरता कॅमेरा, मामाचा अंगठा, मग स्वयंपाकघराचं दार, आणि दाराला धरून उभी एक टकली मुलगी. तिने दार सोडलं. हात पसरले. एक पाय उचलला, आणि तेवढ्यात कॉम्प्युटरने एक मोठी घरघर केली आणि चित्र थांबलं. एक पाय हवेत, तोंड उघडं, सगळं अंग पुढे झुकलेलं.

"अहो, पडेल ती!" काकू ओरडल्या.

काकांनी दोन्ही हात पडद्याकडे पुढे केले.