उजवा गुडघा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. लेकाला नाही, देवालाही नाही — देवापुढं उभी राहते आणि दुसरंच काहीतरी मागून परत येते. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी. लिहिताना वेडंवाकडं होईल. होऊ द्या.

माझी सून रेणुका एसटीत कंडक्टर आहे. दिवसभर उभ्यानं तिकिटं काढायची, सुट्ट्यावरून लोकांची बोलणी खायची, आणि पाथरीला घरी आली की भाकरी थापायच्या. काही सालांमागं ती म्हणाली, दिवाळी झाली की महिन्याभरात कादंबरी लिहिणार. मोबाईलवर बायकांचा कसलासा गट होता. सगळ्यांनी एकाच महिन्यात आपापली कादंबरी पुरी करायची, असं ठरलेलं. मला वाटलं, थट्टा करायलीय.

थट्टा नव्हती. तिनं तयारी सुरू केली. शेंगदाण्याची, जवसाची चटणी कुटून बरण्या भरल्या. दळणं आणून ठेवली. डेपोतल्या मैत्रिणीला गळ घालून महिनाभर पहाटेची ड्यूटी घेतली, म्हणजे दुपार मोकळी. मग मला म्हणाली, "आत्याबाई, महिनाभर सैपाक तेवढा तुमी बघा."

"बघते की. तू लिव."

शेजारीण ऐकत होती. म्हणाली, "लय नशीबवान हायस गं रेणुका." मला गोड लागलं — तेही सांगून टाकते.

मग बिघडलं कुठं? भाकरी थापताना ती एकटीच हसायला लागली, तिथं. तिच्या डोक्यात एक बाई होती, पिंगळीच्या स्टेशनावर उतरलेली. एकदा मलाच विचारलं, "तिला घ्यायला कुणीच आलं न्हाई, आत्याबाई. आता काय करंल ती?"

"चालत जाईल. पाय मोडलेत का तिचे?"

ती इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. "हेच लिवते बगा!"

ते हसू मला बघवलं नाही. या चुलीपुढं माझा जन्म गेला, मला कधी असं हसू आलं? मला कुणी एक दुपार दिली? — पण हे सांगून काय उपयोग. माझी दुपार तिनं नव्हती घेतली.

ठरलेला दिवस आला. ती दुपारी घरी आली, हातपाय धुतले, खिडकीशी बसली. दत्तानं, माझ्या लेकानं, तिला चहा करून दिला. त्याच्या बापानं मला कधी पाण्याचा तांब्या दिला नव्हता. मी दारात उभी होते. उजव्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मटकन खाली बसले. "अगं माय गं—"

गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं.

ती धावत आली. चहा तसाच राहिला. मग महिनाभर तिच्या दुपारी माझ्यात गेल्या — तेल, शेक, परभणीचा डॉक्टर. डॉक्टर म्हणाला, फोटोत काही दिसत नाही, वय झालंय. तिनं ते खरं मानलं. सैपाक तिच्याकडंच राहिला. ती ड्यूटीवर गेली, दत्ता कामावर गेला, की मी स्टुलावर चढून फळीवरची चटणी काढायची आणि उभ्या उभ्या खायची. तिनं लिहिण्यासाठी कुटलेली चटणी.

महिना संपल्यावर दत्तानं चिडवलं, "काय लेखिकाबाई, उतरली का तुमची बाई पिंगळीला?"

"उतरलीय की. थांबलीय तिथंच."

मी बाजेवर पाय लांब करून ऐकत होते. तेव्हा तरी बोलायचं होतं ना? नाही बोलले. पुढच्या दिवाळीनंतर तिनं तो विषयच काढला नाही. आता ती भाकरी थापताना हसत नाही. पटापटा थापते आणि उठते.

यंदा माझा गुडघा खरंच धरलाय. पण डावा. रात्रंदिवस ठणकतो. रेणुका ड्यूटीवरून येते, वाटीत तेल कोमट करते, माझ्याजवळ बसते आणि उजवा चोळायला घेते.

मी तो पुढं करते.