मावशींचं ‘हाय’

नवं ॲप, नवी सेवा आली की मी आधी वापरून बघते आणि इथे कौतुकाने लिहिते. आज मात्र लिहिताना थकवा आलाय.

चिंचणीहून बोईसरला आमच्याकडे मासे घेऊन येणाऱ्या जनामावशींना डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ हवी होती. त्या दवाखान्यात आता फोनवर मशीनच मराठीत बोलतं. मी हौसेने फोन लावून दिला. म्हटलं, “मावशी, नेहमीसारखं बोला, त्याला सगळं कळतं.”

“आपल्याला काय त्रास आहे?” मशीनने विचारलं.

“उजव्या डोळ्यात धुकं हाय.”

“हाय! मी आपली काय मदत करू?”

मावशी हसल्या. “अगो, सांगितलं ना, दिसत नाय. धुकं हाय!”

“हाय! मी आपली काय मदत करू?”

“बहिरी हाय काय गो ही?”

मशीनने पुन्हा गोड आवाजात ‘हाय’ केलं. त्याला तो इंग्रजी नमस्कार वाटत होता.

शेवटी मीच म्हणाले, “मावशी, ‘हाय’ नको. ‘आहे’ म्हणा.”

मावशींचं हसू गेलं. शाळेत उभं केल्यासारख्या त्या बोलल्या, “उजव्या डोळ्यात... धुकं... आहे.”

गुरुवारची वेळ मिळाली. टोपली उचलताना म्हणाल्या, “आमाला बोलाया येत नाय गो.” मी टोपलीला हात लावून ती त्यांच्या डोक्यावर चढवून दिली.

कच्चं होतं मशीन आणि दुरुस्त मी माणसाला केलं. आता गुरुवारी डॉक्टरांसमोर तरी मावशी मोकळेपणाने बोलतील ना?