वांझ माश्यांचा वंश

निरोप आला तेव्हा मी भास्करलाच एक संतापाचे पत्र लिहीत होतो. कर्जतहून दुपारच्या गाडीने खोपोलीला आलेल्या माणसाने ओट्यावर टेकण्याआधीच सांगितले, "मास्तर पहाटे गेले." हृदयक्रिया बंद पडली... मी टाक खाली ठेवला. त्या पत्रात पानेच्या पाने आरोप होते आणि शेवटी एकच मागणी होती : तुझ्या माश्या घेऊन माझ्या घरी ये. त्याला आता काही आठवडे लोटले. ज्याच्याकडून खुलासा हवा, त्याच्यावर समन्स बजावता येत नाही.

माझा मित्र भास्कर कर्जतच्या हायस्कुलात शास्त्र शिकवी आणि घराच्या मागच्या खोलीत, कापसाचे बोळे लावलेल्या बाटल्यांत, फळमाश्या पाळी. पिकलेल्या केळ्यांवर घोंगावतात त्याच त्या चिलटाएवढ्या माश्या. बाजारातली केळीवाली त्याला दरवेळी टोके, "मास्तर, चांगला घड हाय की! सडका कशापायी नेता? आमी काय फसवतो का तुमाला?" युद्धामुळे गूळ मिळेनासा झाला तेव्हा उमावहिनी स्वतः बिनगुळाचा चहा पीत आणि आपला वाटा माश्यांच्या खाण्यात घालीत. लोक अन्नाला महाग असताना मास्तर माश्यांना गूळ चारतो, अशी तक्रार शाळेच्या चालकांकडे गेली. माणसाने स्वतःच्या घरात कोणता जीव पाळावा हे ठरविण्याचा अधिकार आपणांस कोणत्या कलमाने दिला, असे मी त्यांना लेखी विचारले. उत्तर आले नाही. पुढे तक्रारही आली नाही.

एके दिवशी पळसदरीच्या तलावाच्या बांधावर बसून त्याने मला आपले गुपित सांगितले. एका बाटलीतल्या काही माद्या अंडीच घालीत नव्हत्या. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर पोटात अंडे धरू लागते, पण त्यात बलक भरत नाही. वाढ मध्येच थांबते. दोष बीजातला, पिढीजात. "वांझेचा दोष पिढीजात कसा?" मी उलटतपासणी सुरू केली. तो हसला. "वकिला, तो तिच्या भावाबहिणींत लपून राहतो. त्यांच्यात दिसत काहीच नाही. एकाच बाटलीतल्या भावाबहिणींची जोडी जमवीत राहिलो, तरच पुढे तशी मादी पुन्हा दिसते." मुंबईचे एक प्राध्यापक हे पाहायला दिवाळीनंतर येणार होते. पदवी नसलेल्या मास्तराचे काम कुणी जाणकार पाहणार, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होते.

पुढचे वहिनींच्या अनुमतीने लिहितो.

त्या पावसाळ्यात तो विषमज्वराने पुण्याला भावाकडे पडून राहिला. माश्या नव्या बाटलीत हलविण्याचे काम वहिनींना येत होते. नर-मादी त्या भिंग न लावता ओळखीत. तो परतला तेव्हा मी तिथेच होतो. वहिनींनी वांझ माद्यांच्या वंशाची ती बाटली त्याच्यापुढे धरली. आत अळ्यांची नुसती वळवळ. "बघा, यातल्या सगळ्यांना पिल्लं झाली! सख्ख्या भावंडांचा संसार मला नाही बाई बघवला. मी नवरदेव शेजारच्या बाटलीतले आणले." स्वतःचे मूल नसलेल्या त्या बाईचा चेहरा मी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता. भास्करने बाटली उजेडात धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, "छान केलंस." त्याच संध्याकाळी त्याने प्राध्यापकांना, येऊ नका, म्हणून कळविले.

मी भडकलो. परके नर मिसळल्याने दाखवायला वांझ मादी उरली नव्हती हे खरे; पण दोष नाहीसा झालेला नाही, लपला आहे, हे त्यानेच मला शिकविले होते. पुन्हा भावंडे एकत्र ठेव, नातवंडे तपास! तो म्हणाला, "या घरात ते परत मांडायचं म्हणजे तिला सांगावं लागेल. राहू दे रे." मग माझ्या घरी ये... मी पत्रांमागून पत्रे पाठविली. तो पावसापाण्याचे लिही.

तेरावे झाल्यावर मी गेलो. वहिनी मागच्या खोलीत केळे कुस्करीत होत्या.

"भावजी, ते मुंबईचे प्रोफेसर का आले नाहीत?"

मी छताकडे पाहिले.

"माझ्यामुळे ना? तुम्ही कोर्टात बोलता, इथे का गप्प?"

मी सांगितले, सगळे. त्या केळेच कुस्करीत राहिल्या.

"आता परत सापडेल?"

"कदाचित. एकाच बाटलीतली भावंडं... पुष्कळ जोड्या लावाव्या लागतील."

त्यांनी हात धुतले. शेल्फावरची त्याच वंशाची एक बाटली उतरवून, आतल्या माश्यांना गुंगी देऊन त्या पांढऱ्या कागदावर ओतल्या आणि कोंबडीच्या पिसाने एक नर, एक मादी बाजूला सारली. मग दुसरी जोडी. 

"त्यांनी मला नुसतं विचारायचं होतं," मान वर न करता त्या म्हणाल्या. "मी नको म्हटलं असतं का हो?"