मोज्यांच्या मशीनचं प्लगइन

चाळणीबाई हे नाव त्यांना नवऱ्यानेच ठेवलं होतं, आणि ते चपखल बसलं होतं. दिवसभर त्या लॅबमध्ये रक्ताचे रिपोर्ट छापायच्या आणि संध्याकाळी, हौस म्हणून, कुणालाही वापरता-बदलता येणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरच्या एका भांडाराची राखण करायच्या. कुठून कुठून लोक प्रोग्राम पाठवायचे. बाई चाळून बघणार, मगच आत. नियम दोनच, पण कडक. कुठल्याही कंपनीच्या मालकीच्या भाषेला आत थारा नाही. आणि जो एखादी गोष्ट आत घेईल, त्यानेच ती पुढे सांभाळायची. हा दुसरा नियम ऐकून भल्याभल्यांचा उत्साह मावळायचा.

तर एकदा मोज्यांच्या कारखान्यातल्या एका मेकॅनिकने प्लगइन, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला जोडायचा छोटा प्रोग्राम, पाठवलं. भांडारातल्या, प्रोग्राम लिहायच्या मुक्त एडिटरला ते मोजे विणणाऱ्या मशीनची भाषा वाचायला शिकवत होतं. भाषा मशीन बनवणाऱ्या कंपनीची, मशीनही तिचंच. बाईंनी नकार लिहायला घेतलासुद्धा. पण खाली त्याने लिहिलं होतं, की नजर अधू झाली आहे, कंपनीच्या प्रोग्राममध्ये अक्षर मोठं होत नाही, आणि कारखान्याच्या कॉम्प्युटरवर तो सोडला तर तुमच्या भांडाराबाहेरचं काही घालू देत नाहीत. महिनाभरात जमलं नाही तर मला पॅकिंगला बसवतील.

बाईंना एक खोड होती. एखादी गोष्ट कळली नाही, की डोक्यात भुंगा लागायचा. हे आत घेतलं तर आपण कंपनीलाच गिऱ्हाईक पुरवतोय का? आणि नाही घेतलं तर कंपनीचं काय अडणार, डोंबल? शेवटी रजा टाकून, दोन बस बदलून, बाई थेट कारखान्यात जाऊन थडकल्या.

मशीनांच्या आवाजाने कानठळ्या बसत होत्या. मेकॅनिक पन्नाशीचा, बुजरा, स्क्रीनला नाक लावून बसलेला. त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर प्लगइन चालवून दाखवलं. अक्षरं अंगठ्याएवढी, टाचेच्या ओळी लाल, बोटांच्या हिरव्या. टाच का उसवतेय, ते त्याने तिथल्या तिथे बोट ठेवून सांगितलं. बाईंनी प्रश्नांचा भडिमार केला. टाच उलटी का विणतात? मोज्यांचे हे सगळे प्रोग्राम लिहिले कुणी? त्यानेच, गेली एकोणीस वर्षं. मग त्यांनी मनातलं विचारलं, की कंपनीच्या तावडीतून सुटत का नाही?

"बाई, मशीन मालकाने निवडलं, भाषा कंपनीने," तो म्हणाला. "मला निवडता येईल असं इथे हे एवढंच आहे." त्याने एडिटरकडे बोट केलं.

बाईंना मनापासून लाज वाटली. भाषा कुणाची, हे त्या इतकी वर्षं विचारत आल्या होत्या. लिहिणारा कोण, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

भांडाराच्या मंडळींशी मग चार दिवस वाद झाला. आज मोजे, उद्या सगळ्या कंपन्या रांग लावतील, असं सगळ्यात जुन्या सहकाऱ्याचं म्हणणं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. अखेर ठरलं, की कंपनीच्या प्रोग्रामचा एकही तुकडा सोबत येणार नसेल, तर नुसती तिची भाषा वाचणारं प्लगइन चालेल. पण सांभाळणार कोण? जो तो आपापल्या कामांचा पाढा वाचू लागला. बाईंनी स्वतःचं नाव घातलं.

झालं! घरी तपासायला मशीन कुठलं? म्हणून दर महिन्याला सुट्टीच्या दिवशी बाई दोन बस बदलून कारखान्यात जायला लागल्या. तो लिहायचा, मशीन विणायचं, बाई टाच ओढून बघायच्या.

"भाषा कंपनीची, मोजे मालकाचे आणि खेटे तुझे," नवरा एकदा म्हणाला. "किती दिवस चालणार हे?"

"त्याला दिसतंय तोवर," बाई म्हणाल्या आणि चपला घालून निघाल्या.