दुखरी घरं

तान्हं मूल दिसलं की ती आधी त्याचा हात हातात घ्यायची आणि एकेक बोट अलगद दाबून बघायची. मूल रडलं नाही, तर म्हणायची, "बरं हाय. दुखरं न्हाई."

मुलांनो, तुमचे आजोबा तेव्हा मुळशीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. आठवड्यातून एक दिवस मी तिथे लेकरांची वजनं करून वहीत मांडत असे. ही कोळवणच्या वरच्या डोंगरवाडीतली सुईण. बाळंतिणींना घेऊन दोन कोस चालत यायची आणि माझ्या वहीकडे बघून हसायची. "डॉक्टरीणबाई, समदं लिवलंया. पोरगं कशापायी रडतंय, त्ये कुटं लिवलंय?"

एकदा पुण्याहून तपासणीला आलेले साहेब टेबलावर हात ठेवून बसले होते. तिने सवयीने त्यांचीच बोटं दाबली. "लई खातंपितं घर हाय," असा निकालही दिला. साहेबांनी हात खिशात घातला, तो पुण्याला परत निघेपर्यंत बाहेर काढला नाही.

तिच्या वाडीतल्या काही घरांत मूल सात-आठ महिन्यांचं झालं की हातपाय सुजून कळवळायचं. पुढे डोळे पिवळे व्हायचे, थंडीत सांधे धरायचे. काही मुलं दहा वर्षांचीही होत नसत. तुमचे आजोबा कधी हिवतापाचं औषध देत, कधी संधिवाताचं. ती अशा घरांना 'दुखरी घरं' म्हणायची. सगळी तिला तोंडपाठ. वाडीत सोयरीक ठरत असली की जाऊन बसायची, आणि दोन्हीकडे दुखरी पोरं झालेली असली तर म्हणायची, "ह्या दोन घरांची गाठ नगा घालू. येकातच असंल तर चालतंय."

मला ते अडाणीपण वाटे. मुलगा ठणठणीत, मुलगी ठणठणीत, मग अडवायचं कशाला?

तिच्या स्वतःच्या नातीला मागणी आली, तेव्हाही ती अडून बसली. नातीचा धाकटा भाऊ असाच गेला होता, मुलाची बहीणही. पण पोरीला मुलगा आवडला होता. ती रडत माझ्याकडे आली. मी वाडीवर गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "आजार घराला लागत नसतो. या जुन्या समजुती सोडा आता."

मुलाचा बाप मोठ्याने हसला. "ऐकलंस का म्हातारे? डॉक्टरीणबाई इंग्रजी शिकल्यात. तू काय शिकलीस?"

"म्या पोरं पुरली," ती म्हणाली. "त्येवढंच शिकली."

लग्न झालं. त्यानंतर सोयरिकीला तिला कोणी बोलावेना. नातीचा पहिला मुलगा नऊ महिन्यांचा झाला आणि त्याचे हात सुजले. त्याला घेऊन म्हातारीच दवाखान्यात आली. मला वाटलं, आता बोलेल. "जरा पानी ऊन करा, शेकाया," एवढंच म्हणाली. पुढच्या थंडीत ती गेली.

काही वर्षांनी शहरातून डॉक्टर आले. त्यांनी दवाखान्यात आलेल्या चार-पाच मुलांचं रक्त तपासलं. सूक्ष्मदर्शकातून मला दाखवलं: गोल पेशींमध्ये काही विळ्यासारख्या वाकलेल्या. त्यांनी समजावलं, दोष आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून आला तर मूल आजारी पडतं. एकाकडूनच आला तर माणूस सहसा धडधाकट राहतो.

"हे वाडीत तुम्हीच सांगा," ते म्हणाले. "तुमचं ऐकतात."

मी गेले. जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. नात समोरच बसली होती, मांडीवर दुसरं मूल. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पर डॉक्टरीणबाई, त्या टायमाला तुमीच म्हनला हुता न्हवं, घराला लागत न्हाई म्हून?"

"हो. माझं चुकलं. तुझी आजी बरोबर होती."

मग मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, "बरं, मग दुखरी घरं कंची कंची, त्ये तरी सांगा."

दवाखान्यात आलेल्या त्या चार-पाच मुलांपलीकडचं मला एकही घर सांगता आलं नाही. ती असताना मी तिला कधी विचारलंच नव्हतं.