अंगठ्याएवढी जागा

"काकू, हिला आजपासून पळू देऊ नका."

धम्मशीला हे म्हणाली तेव्हा माझ्या मुलीच्या ग्राउंडला अठरा दिवस राहिले होते. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला आमच्या परभणीत सगळे ग्राउंडच म्हणतात. अर्पिता दोन वर्षं त्यासाठी पळत होती. पहाटे पाचला पिंगळीच्या रस्त्यावर ती पुढे आणि मी मागे स्कूटीवर, हेडलाइटचा उजेड तिच्या पायांपुढे टाकत. त्या वेळी त्या रस्त्यावर अशा बऱ्याच मुली असतात, आणि प्रत्येकीच्या मागे कुणाची तरी गाडी. कुणाचा बाप, कुणाचा भाऊ. आई मी एकटीच.

धम्मशीला अर्पिताच्या अकॅडमीत ट्रेनर होती. वय एकतीस-बत्तीस, अंगाने बारीक, गळ्यात शिट्टी आणि खांद्याला कायम एक निळी पिशवी. पिशवीत चिकटपट्ट्या, क्रेप बँडेज, कात्री आणि बर्फाचा थर्मास. पोरं तिला ‘पट्टीवाली मॅडम’ म्हणायची. ती ताडकळसची. वडील भगवानराव शाळेत शिपाई होते, आई केशरबाई अंगणवाडीत मदतनीस. शाळेत असताना ती लांब उडीत जिल्ह्यापर्यंत गेली होती. मग पुण्याला जाऊन खेळाडूंच्या दुखापतींचं शिक्षण घेऊन आली. त्या शिक्षणाला धड मराठी नावही नाही. परत आल्यावर तिने दिसेल तिथे अर्ज केले. एका मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "म्हणजे मालिश का?" दुसरीकडे सांगितलं, असं पदच नाही. तीन वर्षांनी या अकॅडमीत शिट्टी वाजवायचं काम मिळालं, पिशवी तिने आपली आपण आणली.

मी बी.कॉम. झालेली बाई. मला राहवलं नाही. एकदा मैदानावरच तिला विचारलं, "नोकरीच नाही तर हे शिकवतात कशाला गं?"

ती हसली. म्हणाली, "आमच्या वर्गात एका पोरीनं हेच विचारलं होतं. सर म्हणाले, आम्ही खेळाडू सांभाळायला शिकवतो, नोकऱ्या वाटायला नाही. आम्ही लय टाळ्या वाजवल्या, काकू."

तर त्या सकाळी अर्पिता थोडी लंगडत होती. धम्मशीलाने तिला कट्ट्यावर बसवलं आणि गुडघ्यापासून खाली नडगीच्या हाडावर अंगठा दाबत नेला. वर काही नाही. मध्ये काही नाही. खाली एका जागी अर्पिता किंचाळली.

"बघा काकू. तळहाताएवढं दुखत असलं तर बर्फ लावून, आराम देऊन भागतं. अंगठ्याएवढ्या जागेत दुखलं तर हाडाला भेग असू शकते. एक्स-रेत लगेच दिसत पण नाही. सहा आठवडे पळणं बंद."

"आणि भरती?"

"पुढच्या वेळी."

पुढच्या वेळी! जाहिरात कधी निघेल हे कुणाला तरी सांगता येतं का? माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या रस्त्यावर रोज येणाऱ्या प्रत्येकाने सांगितलं होतं की नडगी दुखते म्हणजे हाड मुरतंय. शेजारच्या सविताची पोरगी तशीच पळाली आणि भरतीत लागली. मी तडक अकॅडमीच्या ऑफिसात गेले. सिताराम सर फौजेतून निवृत्त झालेले, तोंडाने गोड. त्यांच्या पाठीमागे भरतीत लागलेल्या पोरापोरींचा भिंतभर फ्लेक्स, सगळ्यांच्या कपाळाला गुलाल.

"सर, मॅडम माझ्या पोरीचं मन खच्ची करायल्यात."

"काय म्हणल्या?"

मी सांगितलं. तेही, जे ती म्हणाली नव्हती. ‘तुझ्याच्यानं होणार नाही असं म्हणाल्या’ हे वाक्य मी माझ्या पदरचं घातलं. तिच्या जागी कुणी सर असते तर मी अशी गेले असते का, हे तेव्हा मनातही आलं नाही.

"मॅडम लय शिकलेल्या हायेत, ताई," सर म्हणाले, "पण माझ्याकडं मायबाप मॅडमची डिग्री बघून येत न्हाईत. हा फ्लेक्स बघून येतेत. तुमी काळजी करू नका."

दोन दिवसांनी मैदानावर निळी पिशवी दिसली नाही. मला, खरं सांगते, हायसं वाटलं.

अर्पिता पळत राहिली. दुखायला लागलं की मीच तिला दवाखान्यात कंपाउंडरकडे न्यायची, इंजेक्शन द्यायला लावायची. तीन वेळा नेलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "आई, धम्मशीलाताई म्हणत होत्या…" आणि मी म्हणाले, "ताईंना स्वतःला कुठं नोकरी लागली?"

ग्राउंडच्या दिवशी पालकांना गेटबाहेरच थांबावं लागतं. मी जाळीला नाक लावून उभी होते. आठशे मीटरची दुसरी फेरी, अर्पिता तिसरी होती. वळणावर तिला कुणी ढकललं नाही, ती अडखळली नाही. पळता पळता एकदम खाली बसली, जसं कुणी खालून पाय काढून घेतला. बाकीच्या मुली तिला वळसा घालून गेल्या. शिट्ट्या वाजत राहिल्या. मी गेट हलवत ओरडत होते आणि पोलीस म्हणत होता, "मावशी, मागं सरा."

स्ट्रेचरवरून बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. "आई, आवाज आला गं," एवढंच म्हणाली.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. "मोडलंय आज. पण भेग आजची नाही. तीन-चार आठवड्यांची आहे. कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

माझे मिस्टर गोपाळराव माझ्याकडे बघत राहिले. मी मान वर करून पंख्याकडे बघितलं. लक्षात आलं होतं. एकीच्या आलं होतं, आणि मी तिला घालवलं होतं.

पाच आठवडे मी हे घरात कुणाला सांगितलं नाही. आज सकाळी ताडकळसला गेले.

केशरबाईंनी ओळख विचारली आणि बसायला चटई टाकली. "धम्मा यील आता. पळायलीय रस्त्यानं."

"पळायलीय?"

"फारेस्टची भरती हाय न्हवं. यंदा शेवटचं हाय तिचं. वय बसत न्हाई पुढच्या साली."

मी चहाचा कप खाली ठेवला. एवढं शिकलेली बाई, आणि वनरक्षकाच्या भरतीला पोरींबरोबर तीन किलोमीटर पळणार! तेवढ्यात ती आली. केस कानापर्यंत कापलेले, घामाने थबथबलेली. मला बघून दारातच थांबली.

"जयभीम, काकू. अर्पिताची बोटं हलतात का प्लास्टरमध्ये? बोटांना मुंग्या येत नाहीत ना?"

अर्पिताचं तिला आधीच कळलं होतं. मी म्हणाले, "धम्मशीला, सरांना मीच सांगितलं होतं. आणि खोटंही सांगितलं."

"माहीत आहे. सरांनी त्याच दिवशी सांगितलं."

"मग अर्पिताला बोलली नाहीस?"

"तिच्या ग्राउंडला पंधरा-सोळा दिवस राहिले होते. ऐकणार नाही हे दिसत होतं. त्यात आईवर राग धरून पळाली असती तर आणखी वाईट."

केशरबाई मध्येच म्हणाल्या, "बया, मला तर ह्यातलं कायबी सांगितलं न्हाई हिनं."

धम्मशीला उंबऱ्यावर बसून बूट काढायला लागली. "त्या टाळ्या आठवतात मला, काकू. आता ते सर भेटले तर म्हणीन, सांभाळायला शिकवलंत ते लय चांगलं शिकवलंत. पण कुठल्या शाळेला, कुठल्या ऑफिसला आमची गरज हाय, ती त्यांना पटवून कशी द्यायची, तेवढं शिकवलं असतं तर मी आज त्या मैदानावरच असते."

मी अजून तिच्या बुटाकडेच बघत होते. मोज्याखाली क्रेप बँडेज होतं. गुडघ्याखाली, उजव्या पायाला. तिने ते घाईने झाकलं.

मला काय झालं कळेना. मी उठले, तिच्यासमोर खाली बसले आणि बँडेजवरून अंगठा दाबत खाली नेला, जसा तिने नेला होता. वर काही नाही. मध्ये काही नाही. खाली एका जागी तिने पाय झटक्याने ओढून घेतला आणि ओठ घट्ट मिटले.

"धम्मशीला!"

"तळहाताएवढं दुखतंय, काकू."

"खोटं बोलू नकोस."

"बारा दिवस राहिलेत," ती म्हणाली. डोळे मात्र माझ्याकडे नव्हते. "पुढच्या वेळी मला येता येत नाही."

ज्या बाईला आपल्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त कळतं की हाड कसं मोडतं, ती कळत असून ते मोडायला निघाली होती. मी एस.टी.त बसून घरी आले.

संध्याकाळी अर्पिताला सगळं सांगितलं. ऑफिसातलं खोटंही. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, आता ही माझ्याशी कधी बोलणार नाही. मग तिने हात पुढे केला. "फोन दे."

"ताई, तुम्ही पळायलात?" ती फोनवर ओरडली. "माझा पाय बघायला या आधी! स्क्रू घातलेत. आवाज येतो ताई, माहितेय का, आपल्या कानाला येतो!"

पलीकडून धम्मशीलाचा आवाज, अगदी हळू, "बोटं हलतात ना पण?"

अर्पिता रडायला लागली. फोन बंद झाला.

आता सगळे झोपलेत आणि मी हे लिहीत बसलेय. मिस्टरांना सांगून ठेवलंय, सकाळी हाडांच्या डॉक्टरांचा नंबर दोघींच्या नावाने लावा. ताडकळसचा रस्ता स्कूटीने तासाभराचा, आणि धम्मशीला पाचला पळायला निघते. टाकी भरून ठेवलीय. ती थांबली नाही तर गाडी आडवी लावीन. पोरी हसल्या तर हसू देत.