मालाच्या बोटीवरचा आकाराम

कोल्हापुरात पैलवान निपजतात, फौजी निपजतात, गुऱ्हाळवाले तर विचारूच नका. पण मंगळवार पेठेतल्या शेट्यांच्या संगमेशनं जहाजं तपासायचा धंदा धरला, तेव्हा अख्ख्या पेठेनं कपाळाला हात लावला. रंकाळ्यात पोहायला शिकलेला गडी बंदरात जाऊन काय दिवे लावणार? पण ह्या गड्यानं जन्मभर तोच धंदा केला. जहाजाच्या पोटात उतरायचं, पत्र्यावर हातोडी मारून आवाज ऐकायचा, कुठं गंजलंय, कुठं चिरलंय, माल किती भिजलाय ते स्वतः बघायचं आणि मगच लिहायचं. दुसऱ्याच्या सांगण्यावर सही नाही म्हणजे नाही. विमा कंपन्या त्याच्या शब्दावर चालायच्या, आणि हे सांगताना तो मिशीला पीळ भरायचा. का भरू नये?

साठी उलटल्यावर तो पेठेत परतला आणि लिहायला बसला. "जन्मभर लोखंडाचं लिहिलं, आता त्यावरच्या माणसांचं लिहितो," असं त्यानं बायकोला, दानेश्वरीला ठणकावून सांगितलं. ती म्हणाली, "लिहा की. पण आधी दळण आणा." तर असं दळण आणता आणता खलाशांवरचे त्याचे लेख रविवारच्या पुरवणीत गाजायला लागले, आणि एका प्रकाशकानं पुस्तकच मागितलं.

अशात एक दिवस शिरोळ भागातनं झुंबरबाई आल्या. त्यांचे मालक आकाराम, उभी हयात मालवाहू जहाजांवर खलाशी.

"तुमी बोटीवाल्यांचं लिवतासा म्हणं," बाई दारातच म्हणाल्या. "आमच्या मालकांचं लिवा. माणूस घराभायेर पडंना झालाय."

भानगड अशी, की त्या गावात घरटी एक फौजी. कुणी 'बोटीवर हाय' म्हटलं की त्यांना नेव्हीच दिसणार. आकाराम निवृत्त होऊन आला तसं सव्वीस जानेवारीला गावानं त्याला माजी सैनिकांच्या रांगेत खुर्ची दिली, फेटा बांधला. भिडेखातर तो बसला, पुढच्या वर्षीही बसला. मग गावातला विश्वजित खरोखरचा नेव्हीत लागला. सुट्टीवर आल्यावर त्यानं भर पारावर विचारलं, "काका, कुठल्या युद्धनौकेवर होता?" आकाराम सरळ बोलला, "मी मालाच्या बोटीवर व्हतो की." झालं. कालपर्यंत साहेब-साहेब करणारे आज 'खोटा फौजी' म्हणून खिदळायला लागले.

संगमेशचं डोकंच सणकलं. दुसऱ्या दिवशी गाडी काढून तो आकारामच्या दारात हजर. आकाराम बोलायला तयार होईना.

"लिवण्यासारखं काय हाय? मी काय लढलोय? माल न्हेला, माल आणला."

"कसला माल?"

"डाळ, कोळसा, पोटॅश."

संगमेशनं दारापुढच्या उसाकडं बोट केलं. "ह्याला काय घालतासा?"

"पोटॅशच की."

"ते काय कृष्णेतनं व्हावत येतंय?"

आकाराम हसला आणि मग मोकळा झाला. कोरोनात बंदरं खलाशांना उतरू देईनात, घरी जायची तारीख उलटून गेली, आणि त्याच दिवसांत त्याचा बाप गेला. फोनवर बापाचं तोंड बघून हा परत डेकवर गेला, कारण त्याच्या जागी उभा राहायला दुसरा माणूसच नव्हता. संगमेशला ते पटलं. तरी सवय ती सवय. त्यानं आकारामच्या जुन्या कप्तानाला फोन लावून शब्द न् शब्द पारखून घेतला.

"खुर्चीचं तेवढं गाळा, सायेब," झुंबरबाई म्हणाल्या. "आधीच लई हसं झालंय."

"न्हाय, वहिनी. चीर झाकून मी एकबी जहाज पास केलं न्हाय. पण मी छापायच्या आधी आकारामनं ते आपल्या तोंडानं गावाला सांगावं."

आकारामनं दारापुढच्या उसाकडं बघितलं. मग म्हणाला, "सांगतो."

सव्वीस जानेवारीला झेंडा चढला आणि आकाराम पुढं आला. संगमेश मागं उभा राहून बघत होता. गाव पुन्हा हसलं, तर आकाराम कायमचा घरात बसणार होता.

"मी फौजेत नव्हतो," आकाराम म्हणाला. "ह्या खुर्चीवर बसलो ती चूक माझी. मी खलाशी. मी आणलेली डाळ तुमी खाल्लीया, पोटॅश उसाला घातलंय. कोरोनात बाप गेला, घरी येता आलं न्हाय, तरी काम सोडलं न्हाय. लाज वाटावी असं मी कायबी केल्यालं न्हाय."

मग पहिल्या रांगेतले सुभेदार सयाजी उठले. पारावर सगळ्यांत जास्त टिंगल त्यांनीच केली होती. त्यांनी आपल्या शेजारी खुर्ची ओढली.

"आकाराम, बाप गेला तवा मला फौजेनं सुट्टी दिलती," ते म्हणाले. "तुला तीबी न्हाय मिळाली. ये, बस हितं. खलाशी म्हणूनच बस."

आकाराम ताठ मानेनं जाऊन बसला. संगमेशला असा अभिमान वाटला, जसा स्वतःच्या कुठल्याच सहीचा वाटला नव्हता. पदरानं डोळे टिपत झुंबरबाई त्याच्याकडं आल्या.

"आता छापा, सायेब," त्या म्हणाल्या. "नाव बारीक आलं तरी चालंल. खलाशी तेवढं मोठ्ठं छापा."